खरिपाआधी एक मशागत अंगणाचीही करा



मे महिना उतरणीला लागला की आपल्या नागपूर जिल्ह्यात सगळीकडे एकच धांदल सुरू होते. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची घाई असते. उमरेड, भिवापूर, कुहीकडे कापूस, सोयाबीन, मिरचीची तयारी चालते. मौदा आणि रामटेककडे धानाच्या बांध्या नीट करणे सुरू होते. बियाण्याच्या थैल्या येतात, खताची पोती येतात, फवारणीचा पंप खुंटीवरून खाली निघतो. औषधाच्या बाटल्या, मोरचुदाची पुडी, चुन्याचे पोते, डिझेलची डबकी असे सगळे सामान बाजारातून घरी येते आणि अंगणात, छपरीत नाहीतर कोठ्यात जाऊन पडते.

त्याच अंगणात तुमचे दीड-दोन वर्षांचे लेकरू खेळत असते. हाताला जे लागेल ते तोंडात घालायचे, जिथे भोक दिसेल तिथे बोट घालायचे, जिथे पाणी दिसेल तिथे वाकायचे, असे ते वय. आपण कृषी खात्याची माणसे गावोगावी बीजप्रक्रियेबद्दल बोलतो, उगवणशक्ती तपासायला सांगतो, बोंडअळीचे सापळे लावायला सांगतो. ते सगळे आवश्यकच आहे. पण ज्या अंगणात हे सामान उतरते, त्या अंगणाबद्दल आमच्या सभांमधून फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज हा लेख पिकावर न लिहिता अंगणावर लिहितो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शेतकऱ्याचे अंगण हे शेताचे गोदाम आहे आणि कारखानाही आहे. तिथे लहान मुलाला सांभाळायचे तर नुसते 'लक्ष ठेवा' म्हणून भागणार नाही. जागाच अशी करावी लागेल की एखाद्या वेळी लक्ष चुकले तरी लेकरू वाचेल.

लक्ष ठेवायचे कोणी?

एखाद्या घरात काही बरेवाईट झाले की गावात पहिला प्रश्न निघतो, 'माय कुठं होती?' माय निंदणाला गेलेली असते. नाहीतर चुलीपाशी, गोठ्यात किंवा पाण्याला असते. बाप डवऱ्यावर असतो. लेकरू असते आजीच्या हवाली, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू असतो आणि बहिणीला खेळायचे असते. यात दोष कोणाला द्यायचा? हंगामात ज्या घरातले सगळे हात कामाला लागतात, त्या घरात दिवसभर डोळ्यात तेल घालून बसणारा माणूस मिळणार नाही, हे आधीच मान्य करून व्यवस्था केली पाहिजे. आपण पिकाला राखण ठेवतो, तरी कुंपणही घालतोच ना? राखणदाराला डुलकी लागते हे आपल्याला ठाऊक असते म्हणूनच घालतो.

दुसरे एक बोलणे नेहमी कानावर येते. 'साहेब, आम्ही बी असेच मातीत वाढलो, आम्हाले काय झालं?' ऐकायला बरोबर वाटते. पण ज्या अंगणात आपले वडील वाढले त्या अंगणात बैलगाडी होती, ट्रॅक्टर नव्हता. मोट होती, पाणबुडी मोटारीची वायर नव्हती. राख आणि निंबाचा पाला होता, एका घोटात माणूस आडवा करणारी बाटली नव्हती. अंगण तेच राहिले, त्यातले सामान बदलले. शिवाय असे सांगणारे सगळे वाचलेलेच असतात. जे वाचले नाहीत ते सांगायला येत नाहीत.

औषधाची बाटली

सगळ्यात आधी विषाचे बोलू. २०१७ च्या हंगामात आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांवर पुष्कळ बोलले गेले, शिबिरे झाली, किट वाटले गेले. पण फवारणी संपल्यावर तोच पंप, तेच ओले कपडे आणि तीच अर्धी उरलेली बाटली संध्याकाळी अंगणात येते, याकडे आपले लक्ष कमीच गेले.

त्याआधीची एक गोष्ट प्रत्येक गावाने ध्यानात ठेवावी अशी आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत निघाले. ज्या औषधाने आपल्याकडे वर्षानुवर्षे कपाशी फवारली, तेच हे औषध. स्वयंपाकाचे सामान आणि शेतीचे विष एका छपराखाली आले की काय होते, ते या एका उदाहरणावरून समजावे.

केंद्र सरकारने फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आणली. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या औषधावरही २०२३ साली बंदीचा आदेश निघाला. पण बंदी दुकानावर येते, आपल्या माळ्यावर येत नाही. जुन्या बाटल्या, फोरेटच्या अर्ध्या पिशव्या आजही कित्येक घरांच्या आढ्याला, गोठ्याच्या कोनाड्यात सापडतात. त्या आधी शोधून काढा. आता काय करावे ते सांगतो.

एक, औषधासाठी घरातली जुनी लोखंडी पेटी घ्या किंवा लाकडी खोके करून घ्या. त्याला कडी-कोयंडा आणि कुलूप लावा. पेटी राहत्या घराबाहेर, कोठ्याच्या भिंतीवर, मोठ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर पक्की ठोका. नुसती उंची पुरत नाही, कारण मूल पोत्यावर चढते. नुसते कुलूप पुरत नाही, कारण घाईत ते उघडे राहते. उंची आणि कुलूप दोन्ही हवे. किल्ली कुलपापाशी टांगू नका.

दोन, औषध कधीही थंड पेयाच्या, पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत ओतू नका. शेजाऱ्याला 'थोडं देऊन ठेव' म्हणून क्वार्टरच्या बाटलीत दिलेले औषध सगळ्यात घातक असते. मूळ बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. दुसऱ्या बाटलीत ओतले की ही खूण जाते. मुलाला तर फक्त ओळखीची बाटली दिसते. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांनाही हाच नियम लावा.

तीन, रिकामा डबा धुऊन पाण्याला, तेलाला, दाण्याला वापरू नका. मुलाला खेळायला तर मुळीच देऊ नका. रिकामी बाटली फोडून, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब पुरावी, असे कीटकनाशक नियम १९७१ सालापासून सांगतात.

चार, मोरचूद. संत्रा पट्ट्यातल्या घरांनी हे खास वाचावे. डिंक्यासाठी आपण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी घेऊन पेस्ट करतो. मोरचुदाचे निळे खडे लहान मुलाला खडीसाखरेसारखे दिसतात आणि ते पोटात गेले तर जिवावर बेतते. कळीचा चुना भिजवताना अक्षरशः उकळतो. त्या ड्रमात हात गेला तर भाजतो आणि डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो. हे काम बागेत करा. अंगणातच करावे लागले तर मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवा आणि ड्रम तसाच उघडा ठेवून जेवायला बसू नका.

पाच, बियाणे, उंदराचे औषध आणि धान्यातल्या गोळ्या. प्रक्रिया केलेले रंगीत बियाणे मुलांना गोळ्या-बिस्किटांसारखे वाटते. पेरून उरलेले बियाणे वाटीत ठेवू नका. उंदीर मारण्याची एक पेस्ट दंतमंजनाच्या ट्यूबसारखी दिसते, ती दात घासायच्या जागी ठेवणे म्हणजे अनर्थाला आमंत्रण. पिठात कालवलेले उंदराचे औषधही मुलाच्या हाताला लागेल अशा कोपऱ्यात टाकू नये. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या लेकराचा झोपेतच जीव जातो.

फवारणीचे कपडे उंबऱ्याबाहेर काढा, वेगळे धुवा आणि अंग धुतल्याशिवाय मुलाला कडेवर घेऊ नका. दिवसभराने बाप दिसला की लेकरू धावत येते, त्याला एक मिनिट थांबवणे जड जाते खरे. पण थांबवा.

पाणी

बुडायला विहीरच लागते असे नाही. दोन वर्षांच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत किंवा टोपल्यात वाकले की ते तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला हातावर जोर देऊन वर येता येत नाही. नाक-तोंड बुडेल इतके पाणी पुरते. आणि ते ओरडत नाही. आपल्याला वाटते आवाज येईल, धडपड ऐकू येईल. तसे होत नाही.

म्हणून रात्रीच्या कामानंतर बादल्या, टोपली पालथी घालून ठेवा. पाण्याच्या ड्रमाला घट्ट झाकण आणि झाकणाला दोरी बांधा. ढोरांच्या पाण्याच्या टाक्याला लोखंडी जाळी बसवा, जनावराचे तोंड जाईल पण लेकरू जाणार नाही एवढ्या फटीची. घरच्या विहिरीला तीन फुटांपेक्षा उंच कठडा हवा आणि वर जाळी हवी. कठड्याला टेकून दगड, पाटा, उलटे घमेले ठेवलेले असते, त्यावर चढून मूल कठड्यावर येते. ते तिथून हलवा.

गोबरगॅसच्या मळीच्या खड्ड्याबद्दल वेगळे सांगतो. मळी वरून सुकते, भेगा पडतात आणि ती जमिनीसारखीच दिसते. मूल सरळ पाय ठेवते आणि आत जाते. या खड्ड्याला चारही बाजूंनी काटेरी नव्हे, तर जाळीचे किंवा फाट्यांचे कुंपण करा. संडासाच्या शोषखड्ड्यावरचे झाकण तडकलेले असेल तर तेही आजच बदला.

आणि बोअर. पाणी खोल गेले, बोअर कोरडे निघाले की आपण केसिंग पाइप काढून दुसरीकडे वापरतो आणि भोकावर पोते नाहीतर दगड टाकून मोकळे होतो. २००६ साली हरियाणातल्या हलदेहरी गावात पाच वर्षांचा मुलगा असाच बोअरमध्ये पडला. दोन दिवसांनी त्याला जिवंत काढले, सारा देश टीव्हीपुढे बसला होता. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यात २०१९ साली दोन वर्षांचे मूल पडले, ते वाचले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच याबाबत स्पष्ट सूचना दिल्या आहेत. बोअर खोदण्याआधी १५ दिवस लेखी कळवावे, खोदताना भोवती तारेचे कुंपण असावे, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करावा, तोंडावर लोखंडी प्लेट वेल्डिंग करून किंवा नट-बोल्टने बसवावी, मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवू नये. आणि सोडून दिलेले बोअर माती, वाळू, गोट्यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरावे. गावपातळीवर यावर देखरेख सरपंचाने आणि कृषी खात्याच्या माणसाने करायची, हेही त्याच सूचनांत आहे. म्हणजे हे काम आमचेही आहे आणि सरपंच, तुमचेही आहे. गावात किती कोरडी बोअर आहेत याची यादी एका दिवसात होते.

कूलर आणि करंट

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय दिवस निघत नाही. छपरीत लोखंडी पेटीचा कूलर, खाली सांडलेले पाणी आणि त्या ओल्यात अनवाणी लेकरू, हे चित्र घरोघरी आहे. कूलरचा करंट लागून दरवर्षी आपल्या विदर्भात माणसे जातात, त्यांत मुलेही असतात. महावितरण दर उन्हाळ्यात सांगते, आपण वाचतो आणि पान उलटतो.

कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा आणि बोर्डाला खरीच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कित्येक घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. पाणी भरताना, पंप हलवताना प्लग काढा, नुसते बटन बंद करू नका. मीटरपाशी ३० मिलीअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्या. करंट गळायला लागला की ते डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. त्याला पैसे लागतात, पण एका फवारणीला लागतात त्याच्या आसपासच.

मोटारीच्या वायरीला जागोजागी टेप गुंडाळून ती कुंपणावरून आणली असेल तर ती काढा. कपडे वाळत घालायला लोखंडी तार वापरू नका, नायलॉनची दोरी लावा. ती तार मीटरच्या खांबाला किंवा टिनाच्या पत्र्याला लागली की ओल्या चड्डीतूनही करंट येतो.

यंत्र आणि गाडी

कडबाकुट्टीच्या चाकाशी खेळायला मुलांना फार आवडते. एक फिरवतो, दुसरा कडबा घालतो आणि बोटे जातात. काम संपले की चाकाला साखळी घालून कुलूप लावा. विजेवरची असेल तर बटन मुलाचा हात पुरणार नाही इतके वर घ्या. विळा, कोयता, वखराची पास, डवऱ्याची फासे उभी ठेवू नका, आडवी करून भिंतीकडे पाते करून ठेवा.

ट्रॅक्टर अंगणात मागे घेताना चालवणाऱ्याला चाकामागचे लेकरू दिसत नाही, दिसणे शक्यच नाही. म्हणून एक नियम करा. एक मोठा माणूस खाली उभा राहील, मुलांना हाताला धरेल आणि तो 'घे' म्हणेल तेव्हाच गाडी मागे येईल. किल्ली ट्रॅक्टरला ठेवून जाऊ नका. ट्रॉली जॅकवर उचललेली असेल तर मुलांना तिथून हाकला.

पऱ्हाटीचा ढीग, विंचूकाटा आणि विषारी बिया

पऱ्हाटी आणि तुराट्या जळणाला लागतात, त्या आणाव्याच लागतील. पण ढीग भिंतीला टेकून, मुलांच्या खेळण्याच्या जागी लावू नका. उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. ढीग घरापासून जरा लांब, चार दगडांवर फळ्या टाकून वर रचा, म्हणजे खाली मोकळे दिसेल. नाडेपचा टाकाही घराला लागून नको. पावसाळ्यात मुलांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की मूल उठतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. अशा लेकराला अंगारा-धुपारा करत बसू नका. खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

विंचू मोठ्या माणसाला रडवतो, पण लहान मुलाच्या हृदयावर जातो. दंशानंतर मूल घामाने भिजले, ओकू लागले, हातपाय गार पडले तर एक क्षण घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले आणि त्याने मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. औषध आहे, फक्त वेळेत पोचले पाहिजे.

कुंपणाला लावलेली चंद्रज्योत, दारातली कण्हेर, उकिरड्यावरचा धोतरा, परसातली एरंडी. या सगळ्यांच्या बिया किंवा फळे विषारी आहेत. चंद्रज्योतीच्या बिया तर चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून पोरे टोळीने खातात आणि टोळीने दवाखान्यात जातात. शाळा, अंगणवाडी आणि घर यांच्या कुंपणावरून चंद्रज्योत काढून टाका. कुंपणाला मेंदी आहे, करवंद आहे.

झालेच काही तर

विष पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. रॉकेल-डिझेल असेल तर ओकताना ते फुप्फुसात जाते आणि आणखी घात होतो. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा, गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यायला विसरू नका, त्यावरून डॉक्टरला उतारा ठरवता येतो. साप चावला तर दोर आवळू नका, ब्लेड मारू नका. तो अवयव हलू न देता सरळ दवाखाना गाठा, सापाची लस तिथेच मिळते. करंट लागला तर आधी मेन स्विच पाडा, मग मुलाला हात लावा.

पाच बायांमागे एक बाई

इतके सगळे करूनही लेकराजवळ माणूस लागतोच. तिथे गावाने एकत्र यावे असे मला वाटते. बांगलादेशच्या खेड्यांत असे दिसून आले की लहान मुले घराजवळच्याच तळ्या-डबक्यांत बुडतात आणि तेही सकाळपासून दुपारपर्यंत, जेव्हा आया कामात असतात. तिथे गावातच पाळणाघरे काढली आणि त्या वेळेपुरती मुले एका बाईच्या देखरेखीखाली आणली. बुडण्याचे प्रमाण खूप घटले. आज जागतिक आरोग्य संघटनाही हाच उपाय सुचवते.

आपल्यालाही हे नवे नाही. २००५ सालच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तरतूद होती की कामावर पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर त्यांतल्या एका बाईला मुले सांभाळायला ठेवावे आणि तिला मजुरी द्यावी. मातीकामावर जे चालते ते निंदणाच्या टोळीत का चालू नये? पाच-सहा घरांनी मिळून एका अनुभवी बाईला हंगामापुरते नेमावे, एकाच घराचे अंगण नीट बंदिस्त करावे आणि तिची मजुरी सगळ्यांनी वाटून घ्यावी. अंगणवाडीत शिकवायला तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, तीही थोडा वेळ. दीड-दोन वर्षांचे मूल नेमके मधल्या मधे राहते. केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी आहे. ती आपल्या गावात येऊ शकते का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

ग्रामपंचायतीला दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक), आशाताई आणि अंगणवाडीताई यांना विनंती. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून दरवर्षी तीच ती खरेदी करण्यापेक्षा सार्वजनिक विहिरीला जाळी, अंगणवाडीला फाटक, गरीब घरांना कुलपाची पेटी असे काही करा. कोरड्या बोअरची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ज्याचे बोअर उघडे असेल त्याला मुदत द्या. कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही औषध देताना 'घरात लेकरू आहे का, पेटी आहे का' एवढे विचारले तरी पुष्कळ होईल.

एक गोष्ट विसरू नका. २०२३ साली लागू झालेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वयाची अट १० ते ७५ वर्षे आहे. दोन वर्षांचे लेकरू त्यात बसत नाही. अनुदान मिळाले असते तरी त्याने काय भरून निघाले असते, हा प्रश्न वेगळाच.

तर बंधू-भगिनींनो, पहिला पाऊस पडायच्या आत एक संध्याकाळ काढा. अंगणात उकिडवे बसा, लेकराच्या उंचीवर या आणि तिथून सगळीकडे बघा. काय हाताला लागते, काय तोंडात जाईल, कशावर चढता येते, कशात वाकता येते, ते तुम्हाला आपोआप दिसेल. घरच्या बाईला सोबत घ्या, तिला तुमच्यापेक्षा जास्त दिसेल. मग पेटी ठोका, बादल्या पालथ्या घाला, बोअर बुजवा. वखरणीला लागतो त्यापेक्षा या कामाला वेळ कमी लागतो आणि खर्चही कमी येतो. हंगाम साधला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. तेवढे ध्यानात ठेवून, या वर्षी पेरणीच्या आधी हे काम उरका.